दोन पट्ट्या खाली

...नाही, पण मी म्हणतो, गुन्हा काय केला मी? कुणाचा खून केला? कुणाच्या घरावर दरोडा घातला? दोन पट्ट्या उतरवल्या हो, फक्त दोन! आणि त्याही एकदम नाही, नऊ वर्षांत, हळूहळू, झोपलेल्या माणसाच्या अंगावरचं पांघरूण सारखं करावं तितक्या अलगद... त्याला कळूसुद्धा दिलं नाही! आणि त्याचं मला बक्षीस काय? भर रेडिओवर, सकाळी अकरा वाजता, गावातलं प्रत्येक स्वयंपाकघर कान देऊन ऐकत असताना, "धुम्या, तू दगाबाज आहेस!" मला! चाळीस वर्षं ज्याच्या मागे उभा राहून मी त्याची पाठ पाठ केली, त्या माणसानं मला दगाबाज म्हणावं? बरं थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, हा म्हातारा निघाला कुठून आणि चाललाय कुठं.

'कडकडाट'. आमचा बँड. नाव ऐकलंय? नाही? घरी जाऊन आईला विचारा. नाही, आईला नको, मावशीला विचारा. आई खरं सांगायची नाही.

आम्ही चौघं. पुढे गाणारा, त्याला आम्ही बुलंद म्हणतो, कारण हा माणूस चहा मागतो तेव्हा शेजारच्या हॉटेलातसुद्धा चहा टाकतात. डाव्या हाताला गिटारवाला, त्याला मास्तर म्हणतात, कारण तो आधी शाळेत खरोखरीचा मास्तर होता आणि अजून उतरलेला नाही. मी सातवीत दोनदा बसलो आणि तिसऱ्यांदा उठून आलो, त्यामुळे माझ्यावर त्याचा विशेष लोभ. मी भर कार्यक्रमात "लई भारी" म्हटलं तर हा गिटार वाजवता वाजवता वाकून सांगतो, "फार छान, फार छान म्हण." मागे ड्रमवर ठोक्या. चाळीस वर्षं स्वतःच्याच दणदणाटात बसून कान गेले, पण मान्य करत नाही. म्हणतो, "ऐकू येतं मला, तुम्ही लोक पुटपुटता!" आणि उरलेला मी. बेस वाजवतो.

बेस म्हणजे काय, ठाऊक आहे? कुणालाच ठाऊक नसतं. चार जाड तारांची गिटार, वाजते पण ऐकू येत नाही, थांबली की मात्र लोकांना वाटतं काहीतरी हरवलं. घरी एकट्यानं वाजवली तर आमची ही आतून ओरडते, "अहो, पाण्याची मोटर चालू राहिलीय वाटतं, बघा जरा!" हे माझं कलाजीवन! पुढे बुलंद उड्या मारतो, लोक किंचाळतात, मास्तर तारा तोडतो, ठोक्या काठ्या तोडतो, आणि मी? मी आपला मागे... धुम् धुम् धुम्.

आणि दौरे! लोकांना वाटतं काय मजा असेल, गावोगाव फिरायचं, टाळ्या घ्यायच्या. अहो, पूर्वी होती की मजा, मी नाही म्हणत नाही. पूर्वी आम्ही हॉटेलच्या खोलीतला टीव्ही बिघडवून निघायचो, आता तो लावायचा कसा, हे विचारायला खालच्या बाईंना वर बोलावतो. वर तरी कुठलं, आता खालच्याच मजल्यावर खोली मागतो, संडासाजवळची. आमच्या गाडीत प्रत्येकाची जागा ठरलेली, तीस वर्षं झाली, बाकांना आमचे आकार आलेत. ठोक्याच्या जागेवर मी एकदा बसलो तर बाकच मला सरकवून देत होता! गाण्यांची यादी असते ना, स्टेजवर पायाशी ठेवायची? आधी एका चिठोऱ्यावर बावीस गाणी मावायची. मग अक्षर मोठं केलं, मग आणखी मोठं केलं, आता एका कागदाला एक गाणं, आणि मास्तर चष्मा विसरला तर एका गाण्याला दोन कागद. आता सगळे कागद मांडले की स्टेजवर पाय ठेवायला जागा राहत नाही! एका थिएटरच्या दरवानानं तर मला दारातच अडवलं. "आजोबा, बँड मागच्या दारानं येणार आहे, तुम्ही पुढून जा, तिकीट काढलंय ना?" मी म्हटलं, काढलं नाही. म्हणाला, "मग घरी जा, गर्दी फार आहे." बेसची पेटी माझ्या पाठीवर, बरं का! म्हणतो, "आणि सामान आत न्यायला परवानगी नाही."

पण मुद्दा तो नाही. मुद्दा पट्टीचा.

आमचं एक गाणं आहे, 'वर बघ'. तेवढं एकच गाजलं, बाकीची आम्ही लोकांना ऐकवतो, हे गाणं लोक आमच्याकडून वसूल करतात. त्याच्या शेवटी तो "वऽऽऽर" असतो. तो बुलंद घेतो आणि सोडतच नाही, अकरा सेकंद, मोजून. आमच्या भाषेत त्या गाण्याची पट्टी पांढरी तीन. म्हणजे पियानोवरची तिसरी पांढरी पट्टी दाबा, तिथून गाणं निघतं. एवढं लक्षात ठेवा, जास्त गाणं-बिणं मी शिकवणार नाही, मलाच येत नाही.

आणि या माणसाला एक खोड. हे गाणं सुरू करायच्या आधी माईक धरून, मान वर, एक हात हवेत, "मंडळीऽऽ! ज्या दिवशी हे गाणं मूळ पट्टीत निघणार नाही, त्या दिवशी हा माईक खाली ठेवीन आणि घरी जाईन!" टाळ्याच टाळ्या. पंचविशीत शपथ घेतली, ठीक आहे, पंचविशीत माणूस काहीही बोलतो, मीही आमच्या हिला बरंच काही बोललो होतो. पण हा प्रत्येक कार्यक्रमात बोलायला लागला! चाळीस वर्षं! आणि शब्दाचा असा पक्का की मरेल पण मोडायचा नाही. सिगारेट सोडतो म्हणाला, त्याच क्षणी तोंडातली थुंकली, माझ्या पायावर.

तर नऊ वर्षांपूर्वी काय झालं, तो वरचा सूर लागेना. आधी घसा खाकरायचा, मग औषधं झाली, मग वाफारे झाले, मग युक्ती काढली, सूर आला की माईक लोकांच्या पुढे करायचा, "आता तुम्ही गा!" अहो, पण लोकसुद्धा आमच्याबरोबरचेच की! चाळीस वर्षांपूर्वी पहिल्या रांगेत चक्कर येऊन पडायच्या त्या बाया आता पाठीला उशी घेऊन येतात. यानं माईक पुढे केला, आणि तो वरचा सूर अख्ख्या सभागृहातून एकालाही लागला नाही. नुसती खोकल्याची लाट आली, पुढून मागे गेली आणि मागून परत पुढे आली.

त्या दिवशी गाडीत हा एक शब्द बोलला नाही. आमच्या गाडीत शांतता? मी इंजिन बिघडलं म्हणून खाली उतरून बघितलं! आणि दुसऱ्या दिवशी वहिनींचा फोन, म्हणजे याच्या बायकोचा. "भावोजी, हे म्हणतायत आता माईक ठेवतो आणि कायमचा घरी येतो." मी म्हटलं, बरंच की वहिनी, तुम्हाला सोबत. तर फोनवर रडायलाच लागल्या! "अहो भावोजी, काहीतरी करा हो! मागं हात मोडला म्हणून दीड महिना घरी होते, तर भांड्यांच्या जागा बदलल्या, कामवाल्या बाईंना माईकशिवाय आवाज कसा फेकावा ते शिकवलं, त्या काम सोडून गेल्या. आणि संध्याकाळी सात वाजले की उगीच नवे कपडे घालून दारात उभे राहायचे... मला बघवायचं नाही हो."

ते शेवटचं वाक्य ऐकलं आणि मी म्हटलं, बघतो काहीतरी. कारण मी स्वतःचा विचार केला, खोटं कशाला बोलू. बुलंद थांबला की बँड थांबला. मास्तर शिकवण्या घेईल, ठोक्या नातवंडांत रमेल, त्याला त्यांचं रडणंही ऐकू येणार नाही. आणि मी? एकटा बेसवाला जगात कुठं लागतो हो? गाणाऱ्याला तुम्ही लग्नात गा म्हणाल, वाढदिवसाला गा म्हणाल. बेसवाल्याला कुणी म्हटलंय कधी, या बसा, थोडं धुम् धुम् ऐकवा? आमची ही उठून मोटर बंद करेल!

म्हणून मी ते केलं. आमच्यात पद्धत अशी, सूर आधी मी लावायचा, माझ्यावरून बाकीच्यांनी. माझ्याकडं एक छोटं यंत्र आहे, तार छेडली की सूर बरोबर आला का ते दाखवतं. त्याला मागे एक बारीक बटण आहे, ते दाबलं की यंत्रच एक पट्टी खालचं बोलायला लागतं. छापलेल्या माहितीत ते बटण कशासाठी आहे ते दिलंय, पण मी वाचत नाही, मी दाबून बघतो. दाबलं! पांढरी तीनची काळी दोन झाली. बोटं त्याच जागी, सगळं तेच, फक्त जग एक पायरी खाली.

मास्तरानं पहिली तार छेडली, कान टवकारला, माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. मास्तरानं दुसरी तार छेडली, मग तोही छताकडं बघायला लागला. झालं, करार झाला! ठोक्याला सांगितलं, "पट्टी उतरवलीय." तो म्हणाला, "चिठ्ठी? कुणी पाठवलीय?" त्याला म्हटलं, जाऊ दे, ड्रमला पट्टी नसते.

त्या दिवशी बुलंद असा गायला, असा गायला! अकरा सेकंद! आणि खाली उतरून काय म्हणतो? "ते वाफारे लागू पडले." वाफारे! पुढे पाच वर्षांनी तीही पट्टी जड जायला लागली, मी पुन्हा बटण दाबलं. पांढरी दोन. गाण्याचं नाव 'वर बघ' आणि गाणं चाललंय खाली! आणि हा दर कार्यक्रमात छाती फुगवून, "मंडळीऽऽ! मूळ पट्टीत!" लोक उभे राहून टाळ्या वाजवतायत, पुढच्या रांगेत वहिनी रुमालानं डोळे टिपतायत, मास्तर छताकडं बघतोय, आणि मी? मी आपला मागे... धुम् धुम् धुम्.

मग उगवला तो रेडिओचा दिवस.

चाळिसाव्या वर्षाचा दौरा, वाटेतल्या एका गावी रेडिओवर बोलावलं. एवढीशी खोली, भिंतींना गाद्या मारलेल्या, दार लावलं की स्वतःच्या पोटातली गुडगुड ऐकू येते. ठोक्याला पूर्ण ड्रम काही मावेना, त्याला एकच ढोलकं आणि एक थाळी दिली, तर तो रुसून बसला. निवेदिका माझ्या धाकट्या सुनेच्या वयाची, आवाज असा गोड की ती अपघाताची बातमी देत असली तरी माणूस अभिनंदन म्हणेल. "नमस्काऽर! आज आपल्याकडे आलेत दिग्गज! बरं का, आजोबा, सॉरी सॉरी, दादा, आज एक गंमत करणार आहोत आपण." मी म्हटलं, करू या की, गंमत म्हणजे आपलं घरचं काम. "आधी आपण चाळीस वर्षांपूर्वीची मूळ रेकॉर्ड ऐकणार, 'वर बघ', आणि ती संपली रे संपली की लगेऽच तुम्ही तेच गाणं इथं वाजवायचं, लाइव्ह! म्हणजे श्रोत्यांना कळेल, काही म्हणजे काही फरक पडलेला नाही!"

दोन्ही एकापाठोपाठ? अहो, शेंबड्या पोरालासुद्धा कळेल की, वरच्या मजल्यावरचं गाणं एकदम तळघरात गेलं! बरं, यंत्राचं बटण दाबून पुन्हा वर न्यावं, तर याचा गळा तिथं पोचायचा नाही, फाटणार, तेही भर रेडिओवर, आणि हा शब्दाचा पक्का, तिथंच माईक ठेवणार. खाली ठेवावं, तर बिंग फुटणार, आणि मग तरी हा काय करणार? माईकच ठेवणार! म्हणजे वर गेलं तरी बँड संपला आणि खाली राहिलं तरी बँड संपला. आणि बुलंद बाईंना म्हणतोय, "जरूर! आपलं काम चोख आहे. मूळ पट्टी!"

मी खटपट केली, नाही असं नाही. म्हटलं, बाई, दुसरं गाणं घ्या ना, आमची फार सुंदर गाणी आहेत, कुणी ऐकलीच नाहीत. तर म्हणतात, "हो ना, पण ती कुणी ऐकलीच नाहीत ना!" म्हटलं, मला जरा जाऊन यायचंय. तर, "दादा, आता दिवा लागला की दार उघडता येत नाही हं!" शेवटी ठोक्याच्या कानाशी गेलो, म्हटलं, "चक्कर आल्यासारखं कर." तो मोठ्यानं म्हणतो, "साखर? नको, डॉक्टरांनी बंद केलीय." मी म्हटलं, "चक्कर, चक्कर! खाली पड!" तर हा म्हणतो, "घरी कळवलंय, सगळे ऐकतायत." आणि तेवढ्यात भिंतीवरचा तांबडा दिवा लागला.

रेकॉर्ड सुरू झाली. खर्रर्र... आणि मग आम्ही. विशीतले-पंचविशीतले आम्ही! बुलंद डोळे मिटून ऐकतोय, मान डोलतेय. तो शेवटचा सूर आला, वऽऽऽर, कानात सुई घालावी तसा बारीक आणि लखलखीत. संपलं. बाईंनी बोट केलं, ठोक्यानं मोजलं, "एक, दोन, तीन, चार," आणि आम्ही वाजवायला लागलो पांढरी दोनमध्ये. आणि बुलंदच्या कानात रेकॉर्ड ताजी ना! तो उठला तो थेट पांढरी तीनमधून!

अहो, काय तो आवाज! गाणं एका रस्त्यानं, बँड दुसऱ्या रस्त्यानं, आणि मध्ये कुणाची तरी शेपूट दारात सापडलेली. पहिली ओळ संपायच्या आत बुलंदनं हात वर केला. "थांबा." थांबलो. रेडिओवर शांतता, माहितीय, किती मोठी असते? "मास्तर, तुझी गिटार उतरलीय." मास्तर छताकडं. छताला गादी मारलेली, बघण्यासारखं काही नाही, तरी बघतोय. "धुम्या, तुझी तार वाजव." मी वाजवली. धुम्. बुलंदनं तोंडातल्या तोंडात रेकॉर्डचा सूर धरला, माझ्या तारेशी लावून बघितला. पुन्हा बघितला. मग अगदी हळू आवाजात, आणि या माणसाचा हळू आवाज मी जन्मात पहिल्यांदा ऐकला, "किती?"

मी म्हटलं, "दोन."

"कधीपासून?"

"पहिली नऊ वर्षांपूर्वी. दुसरी... चार झाली असतील."

निवेदिका बाईंचा गोड आवाज कुठल्या कुठं गेला होता, त्या नुसत्या दोन्ही हातांनी बटणं चाचपत होत्या. "धुम्या," बुलंद म्हणाला, "तू दगाबाज आहेस." आणि मग जे म्हणाला ना, ते ओरडून म्हणाला असता तर बरं झालं असतं. "मी नऊ वर्षं लोकांसमोर छाती ठोकत होतो रे. आणि तुम्ही तिघं मागे उभे राहून हसत होता?"

आता काय सांगू त्याला? हसत नव्हतो रे बाबा, तू गात राहावास म्हणून जीव मुठीत धरून वाजवत होतो... पण माझं शिक्षण सातवी, तेही अर्धवट, ऐन वेळी शब्द येत नाहीत. मी एवढंच म्हटलं, "मला दुसरं काही वाजवता येत नाही रे." यातून त्याला काय कळायचं! त्यानं कानावरचे हेडफोन काढले, नीट घडी करून टेबलावर ठेवले, घडी होत नाही त्यांची, तरी करत होता. "मंडळी," तो माईकमध्ये म्हणाला, ऽ न लावता, साधं मंडळी, "मी शब्द दिला होता. आज मी हा माईक..."

"अरे, कोण ते भांडतंय?"

भिंतीतून आवाज! म्हातारा, घोगरा, मध्ये मध्ये शिट्टी वाजल्यासारखा. ठोक्यासुद्धा दचकला, त्याच्यासुद्धा कानात गेला म्हणजे बघा! बाई एकदम जाग्या झाल्या. "अं... हे... श्रोतेहो, हे आपले आजचे खास पाहुणे, फोनवर, यांना आम्ही गुपचूप... चाळीस वर्षांपूर्वी ही रेकॉर्ड ज्यांनी ध्वनिमुद्रित केली, ते रेकॉर्डिस्ट काका!"

काका शहाऐंशी वर्षांचे. "तुम्ही चौघंच ना रे ते? तेव्हाही असेच भांडत होता. काय झालं?" मास्तरानं व्याकरणशुद्ध भाषेत सगळं सांगितलं, सूर उतरवण्यात आले, गायकास कळवण्यात आले नाही. काका ऐकत होते, शिट्टी वाजत होती. मग म्हणाले, "कितीत गाता आता?"

"पांढरी दोन," मी म्हटलं.

"मग बरोबर आहे की."

"काय बरोबर आहे?" बुलंद.

"अरे, पांढरी दोनमध्येच गायला होतास ना तू. मीच घेतलं ते, मला नाही का ठाऊक? तुमचं गाणं साडेचार मिनिटांचं, आणि त्या छोट्या रेकॉर्डच्या बाजूवर मावायची चार मिनिटं. म्हटलं, एक कडवं काढा. कुणी ऐकेना! तो जाड तारांवाला तर म्हणाला, कडवं काढलं तर माझं काम कमी होईल. मग मी काय करणार? तुम्ही गेल्यावर टेप पळवली."

"पळवली?"

"पळवली! वेग वाढवला. साडेचारची चार झाली. वेग वाढला की आवाजही चढतो, चढला दोन पट्ट्या. कुणी काही बोललं नाही, मला वाटलं आवडलं तुम्हाला."

पण मग आमच्या गिटारी? आमची बोटं तर पांढरी तीनच्या घरात होती! मास्तर छतावरून खाली आला. "तारा!" म्हणाला. "तारा सैल केल्या होत्या! जुन्या तारा, तुटल्या तर दुसऱ्या नव्हत्या, म्हणून दोन-दोन पट्ट्या सैल करून वाजवलं होतं. कुणी केल्या होत्या रे सैल?" आणि सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. अहो, चाळीस वर्षांपूर्वीचं पण माझ्याच डोक्यावर! हो, मीच केल्या होत्या, मग? तुटल्या असत्या तर कुणी दिल्या असत्या?

म्हणजे बघा काय घोटाळा! रेकॉर्ड आली, घरी लावली, तेव्हा हाच बुलंद म्हणाला होता, "हा मी? हा तर माझा धाकटा भाऊ वाटतोय!" आम्ही तिघं म्हटलं, वेडा का, स्वतःचा आवाज सगळ्यांनाच परका वाटतो. मग मास्तरानं नव्या कोऱ्या तारा आणल्या, रेकॉर्ड लावून तिच्याशी सूर मिळवला, आणि तिथून पुढं एकतीस वर्षं हा बिचारा टेपच्या मागे धावत, स्वतःच्या डोक्यावरच्या पट्टीत बोंबलत होता. वाफारे घेत होता. जी पट्टी त्यानं कधी गायलीच नव्हती, त्या पट्टीत! आणि मी, सातवी नापास, मागच्या बटणाला अंगठा लावून त्याला सोडला कुठं? बरोबर त्याच्या घरी!

बुलंदच्या तोंडाकडं बघण्यासारखं होतं. आधी काहीच नाही. मग एक भुवई. मग दुसरी. "काका," तो म्हणाला, "म्हणजे मी आज..."

"मूळ पट्टीत, हो. अरे, वाजवा आता, माझं दूध गार होतंय."

बुलंदनं हेडफोन पुन्हा घातले. ठोक्यानं मोजलं. आणि तुम्हाला सांगतो, चेष्टा नाही करत, चाळीस वर्षांत तसं गाणं झालं नाही. त्याच्या मानेची शीर आज तटतटली नाही, तोंड लाल झालं नाही. गात नव्हता, बोलत होता, घरच्या माणसाशी बोलावं तसा. आणि तो शेवटचा "वऽऽऽर"... मी मनात मोजत होतो, अकरा, बारा, तेरा, चौदा. बाईंनी डोळे पुसले. मास्तर तोंडातल्या तोंडात म्हणाला, "लई भारी." मी ऐकलं! आणि मी? मी आपला मागे... धुम् धुम् धुम्, फक्त तारा जरा धूसर दिसत होत्या.

आता तुम्हाला वाटेल, सगळं गोड झालं. अहो, कसलं गोड! गाणं संपतंय तोच हा माईकला चिकटला. "मंडळीऽऽऽ! ऐकलंत? चाळीस वर्षांत या गळ्यात एका केसाचाही फरक नाही! ज्या दिवशी या खऱ्या मूळ पट्टीत निघणार नाही, त्या दिवशी माईक ठेवीन!" पुन्हा शपथ! दहा मिनिटांपूर्वी कुठं गेलं होतं रे तुझं तोंड? दारातून बाहेर पडायच्या आत यानं फोनवर साठ कार्यक्रम घेतले. साठ! माझे गुडघे बघा, वहिनींचा फोन बघा, "भावोजी, साठच? जरा बघा ना, आणखी दहा बसतात का!" आणि मला दगाबाज म्हटलं त्याचं काय? त्याबद्दल एक अक्षर नाही. फक्त गाडीत बसताना खिडकीजवळची त्याची ठरलेली जागा मला दिली आणि म्हणाला, "बस तिथं, वारा लागेल." बाकाला त्याचा आकार, माझी कंबर धरली.

तर अठ्ठावीस कार्यक्रम झाले, आणि परवाची गोष्ट. भर दुपार, गाडी चाललीय, मास्तर तोंडावर वर्तमानपत्र टाकून झोपलाय, ठोक्या जागा आहे, पण त्याचं काय. बुलंद हळूच मागे सरकत माझ्या शेजारी येऊन बसला. म्हणाला, "धुम्या."

"बोल."

"ती खरी मूळ पट्टी आहे ना..."

"हं."

"तीसुद्धा आताशा जरा वर जाते रे."

कानाला खडा लावलाय, आपण होऊन काही करायचं नाही. त्यानं घसा खाकरला.

"तुझं ते बटण... आहे ना अजून?"

"आहे."

"मग बघ काय ते. फक्त एक कर." इकडं तिकडं बघितलं, माझ्या कानाशी आला. "मला कळू देऊ नकोस."

आता तुम्हीच सांगा! पूर्वी मी आपल्या मनानं, मोकळेपणानं चोरी करत होतो, आता मला चोरीची नोकरी लागली! ज्यानं सांगितलं त्यालाच न कळू देता करायचं, आणि हा पठ्ठ्या रोज कार्यक्रमाच्या आधी, सगळ्यांच्या देखत, पापणीसुद्धा न हलवता मला विचारतो, "काय रे धुम्या, पट्टी मूळच आहे ना?"

मी म्हणतो, "मूळच आहे बाबा... कितवी मूळ, ते तेवढं विचारू नकोस."